होळकरी रुपया

पंखा बंद ठेवा, झांझरी शेठ तराजू देतानाच म्हणाले होते.
आम्हाला वाटलं, सराफ्यातली सवय.

चकती काळी, थाळीपिठाएवढी,
दोनदा भट्टीत तडकलेली, तिसऱ्यांदा धरली.
द्रव नायट्रोजन महूच्या गुरांच्या दवाखान्यातून,
माळवी वळूंचं वीर्य गोठवून उरलेला.
लुनावर, दोन पायांत किटली धरून
खासगीवाले सर स्वतः आणायचे.
कुठल्याशा थंड देशात कुणी म्हणालं होतं,
अशी चकती गोठवून गरगर फिरवली
की तिच्या वरचं वजन जरासं विसरतं
आपण वजन आहोत ते.
दुसऱ्यांनी करून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही.
सर म्हणाले, बघू की, आपलं काय जातंय?
जात होती त्यांची रजा
आणि माझी एम.एस्सी.ची जानेवारी.

पारड्याखाली दोऱ्याला होळकरी रुपया,
खाली वाफ, वाफेत चकती,
चकतीला शिलाई मशीनची मोटर.
रात्री अडीचला रुपया एक मिलिग्रॅम हलका झाला.
मी ओरडले.
सरांनी मोटर बंद केली,
चकती थांबेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले,
मग पुन्हा तोललं.
रुपया तेवढाच हलका.

गार हवा जड असते. जड हवा
चांदीलाही थोडं खांद्यावर घेते. एवढंच.
शेठना हे गणित न करता ठाऊक होतं:
झुळूक सोनं चोरते.

वही माझ्याकडे आहे. एकोणीस नोंदी.
अठरा नोंदींपुढे 'हवा'.
सातवीपुढे कोरं.
त्या रात्री नायट्रोजन संपलेला, वाफ विरलेली,
चकती म्हणजे आता नुसतं खापर,
दिवे गेले म्हणून आपल्याच वेगात मंदावणारं,
आणि कंदिलाच्या उजेडात रुपयाचं पारडं
वर गेलं, बराच वेळ खाली आलं नाही.
कंदिलाची ऊब असेल. माझा श्वास असेल.
सरांनी ती नोंद खोडली नाही,
मिरवलीही नाही.
विभागात विचारायचे, काय सर, कधी उडताय?
ते म्हणायचे, लुनात पेट्रोल आहे तोवर गरज नाही.

तराजू परत द्यायला गेलो तेव्हा
शेठनी पंखा बंद केला, रुपया ठेवला,
काटा स्थिरावू दिला.
पूरा है, मास्टरजी.

सर म्हणाले,
पुन्हा एकदा बघता का?