बीमच्या पलीकडून

शेडमध्ये सोळा माग चालू असले
की माणसाचं तोंड नुसतं हलतं.
म्हणून आमच्यात शिकवणं म्हणजे
खांद्यावर टकटक, आणि बोटं पुढे.

राजेशम मामांनी मला गाठ शिकवली ती अशीच,
भद्रावती पेठेत, एकोणनव्वद साली.
आधी सूत दिलंच नाही हातात.
दोन सुतळ्या दिल्या, एक पांढरी, एक कुंकवात बुडवलेली,
जाड, दांडगी, चुकलं तर लांबून दिसावं अशी.
स्वतः शेजारी बसले, मांडीला मांडी लावून.
समोर बसून शिकवू नये, जेवणाच्या सुट्टीत म्हणाले,
समोरून उजवं डावं होतं
आणि पोराचा सगळा जीव ते सरळ करण्यात जातो.

फुली घाल. फुली अंगठ्याखाली दाब.
लांब दोरा नखामागून फिरव.
आखूड शेपूट वळशात वाकव. ओढ.
मेल्लगा, म्हणायचे, मेल्लगा.
तेलुगू मला एवढंच आलं, आणि ते पुरलं.

चुकलो तरी हातातून काढून घ्यायचे नाहीत.
तेव्हा वाटायचं, म्हातारा दुष्ट आहे,
तपकीर ओढत बसतो, गाठ बघतो,
सोडव म्हणतो, पुन्हा म्हणतो.
आता कळतं,
स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसणं
गाठीपेक्षा अवघड आहे.

गड्डा उठला त्या आठवड्यात नागमणी आली,
विडी घरकुलातली, एकोणीस वर्षांची.
पानं कमी मिळायला लागली म्हणून
विडीवरून मागावर.
मी सुतळ्या काढल्या. हातभर अंतर ठेवून
शेजारी बसलो, मामांच्या नियमाने.

चार दिवस. दिवसाला पन्नास गाठी.
एकही टिकली नाही. फणीपर्यंत पोचायच्या आत सुटायची,
नाहीतर लाडवासारखी फुगून अडकायची.
कळलं का, मी विचारायचो.
ती मान हलवायची
आणि मी त्या मानेवर विश्वास ठेवायचो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी विचारणं सोडलं.
म्हटलं, विडी बांधून दाखव.

तिनं हवेतच बांधली.
पान नाही, तंबाखू नाही, सूप नाही मांडीवर,
नुसता दोरा, दोन वेढे, एक हिसका,
डोळ्याचं पातं लवायच्या आत.
डाव्या हातानं.

चार दिवस तिनं माझा हात बघावा म्हणून बसलो होतो,
तिचा मी एकदाही बघितला नव्हता.

उठलो. बीमला वळसा घालून पलीकडे गेलो
आणि तिच्या समोर बसलो.
मामा, माफ करा.
मधे अडीच हजार धागे ताणलेले,
इकडे माझा उजवा अंगठा, तिकडे तिचा डावा,
न्हाव्याच्या दुकानातल्या आरशासारखा.
फुली. वळसा. शेपूट.
तिसरी गाठ बसली. राजगिऱ्याएवढी.
फणीतून गेली तर फणीला पत्ता नाही.

ती हसली वगैरे नाही. दुसरा धागा उचलला.
मी चहा सांगायला बाहेर गेलो.
चहाची काही तलफ नव्हती,
हात शिवशिवत होते, एवढंच.

परवा दुपारी वीज गेली.
सोळाच्या सोळा माग एकदम गप्प,
कानात मात्र चालूच.
कोपऱ्यात नागमणी, आणि पुढ्यात
कालच लागलेला पोरगा, इरेश,
कुंभारीकडून सायकलवर येतो तो.
माझ्या सुतळ्या तिच्या ओट्यात.
बोलायचं स्वातंत्र्य होतं आज, तरी
तिनं त्यातलं काहीच सांगितलं नाही.
दारातला एक खडा उचलून त्याच्या पुढे ठेवला.
म्हणाली, मार बघू, त्या पत्र्यावर.

पत्रा वाजला.
पोरगा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.
मग ती उठली
आणि कुठल्या बाजूला बसायचं ते तिनं ठरवलं.