खणातली डबी

केईएमच्या कानाच्या ओपीडीतून आणलेलं यंत्र
अकरा महिने खणात आहे,
रेशनकार्ड आणि जुन्या चष्म्याच्या मधोमध.
शालन विचारायची. आता विचारत नाही.
मी सांगायचो, सेल महाग आहेत.
सांगायचो, कानात खाजतं.
सांगायचो, छत्तीस वर्षं गोदीत रिव्हेट ठोकले,
ऐकायचं तेवढं ऐकून झालं.
तिन्ही कारणं खरी होती.
खऱ्या कारणाआड माणूस जास्त दिवस लपतो.

आणि इकडे मी बिल्डिंगच्या कमिटीत!
पुनर्विकासाचे संमतीचे कागद
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून
घोडपदेवच्या आमच्या चाळीत दारोदार.
"बदलायला नको का? टेकू लावून किती दिवस काढणार?"
बहिऱ्याचा आवाज मुळात मोठा,
त्यामुळे मुद्दाही मोठा वाटायचा.
एकसष्ट सह्या झाल्या.
राहिले एकटे खोत, तिसरा मजला.

खोतांना मिशी नाही, ओठ स्वच्छ वाचता येतात.
ते म्हणाले,
"जिन्याची सातवी पायरी खचलीय ना, गुरव,
दिवे गेले तरी माझा पाय तिला बरोबर चुकवतो.
मी मोजत नाही. पाय मोजतो.
नव्या जिन्यात हा पाय काय करेल?"

लिफ्ट, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं.
ते तोंडातच राहिलं.

माझाही एक पाय आहे तसा.
पाहुण्यांत कुठे हसायचं, कुठे मान हलवायची,
लेकीच्या फोनवर दोनदा "बरं, बरं" म्हणून
फोन शालनकडे कधी द्यायचा,
सगळं त्याला पाठ.
लबाडी नव्हे ती. पायरी मोडकी होती,
तेव्हा शिकलेलं शहाणपण.
पडलो नाही, ते त्याच्यामुळेच.

बहिरेपण म्हणजे माझी पागडीची खोली.
भाडं नावापुरतं, कुणी बाहेर काढू शकत नाही,
भांडणं दारावरून परत जातात.
इतकी वर्षं ध्यानात आलं नाही
की भाडं शालन भरतेय.

रात्री खण उघडला.
ती ओट्याशी, पाठमोरी.
यंत्र लावलं, आणि आधी आला फ्रिज.
मग माझीच चप्पल.
मग पेपरची घडी, पत्रा फाटावा तशी.
इतकं टोचतं सगळं? लोक राहतात कसे यात?
हात कानाकडे गेला, काढायला.
मी हाताला रागावलो नाही.
म्हटलं, थांब बाबा. पाच मिनिटं. मग काढू.

तेवढ्यात तिचा आवाज.
मी सांभाळून ठेवलेला तो नव्हेच.
माझ्या आठवणीतला भरीव, जिन्यातून हाक मारणारा.
हा पातळ, कडेला उसवलेला,
माझ्या नकळत म्हातारा झालेला.
ती आमटीला सांगत होती,
"हिंग संपलाय. सांगायचं कुणाला."

"आणतो," मी म्हणालो.
आणि दचकलो: किती ओरडतो मी.
पुन्हा म्हणालो, हळू, "आणतो उद्या."
पळी थांबली.
ती बराच वेळ वळली नाही.
मीही ओठ बघायला पुढे गेलो नाही.

पाचाची सात मिनिटं झाली. मग काढलं.
कान दुखत होता, हे खोटं नव्हतं.
परवा लावलं नाही. काल लावलं, पंधरा मिनिटं,
आणि शालन भांडली माझ्याशी, तोंडावर,
अकरा महिन्यांचं साठलेलं एकदम.
ऐकलं.
मधेच काढावंसं वाटलं. दोनदा.

आज संध्याकाळी खोतांकडे जाईन.
कागदांची पिशवी घरीच राहू दे.
यंत्र लावून जिना चढायचाय,
आणि त्या सातव्या पायरीवर
एकदा मुद्दाम पाय द्यायचाय,
ती वाजते कशी ते बघायला.