धोपाव्याच्या धक्क्यावरून

केतकी, नॉर्वेला निघालीस म्हणे, आणि गाडी भाड्याची?
बस. त्या खुंटावर नको, डांबर लागेल.
दाभोळहून बोट यायला वीस मिनिटं आहेत,
तेवढ्यात तुला सगळा युरोप शिकवतो.
एकतीस वर्षं गुहागर डेपोत काढली मी.
अपघात फक्त दोन,
दोन्ही वेळी चूक झाडाची.

तर, तिकडे उजवीकडून चालवतात.
तू गोंधळू नकोस, मधून चालव.
मध्य सगळ्या देशांत एकाच जागी असतो.

वाट विचारायची तर घाईतल्या माणसाला विचार.
निवांत माणूस सोबत येतो गाडीत बसून,
मग वाटेत त्याच्या बहिणीचं घर,
मग सरबत, मग गरे, मग अंधार.
काय? अंधारच होत नाही? जूनभर?
आणि तू हॉटेलं बुक केलीस!
रद्द कर. दिवस मावळला की झोपायचं,
तोवर चालव.

चोवीस किलोमीटरचा बोगदा?
आत शिरण्याआधी उतरायचं, चप्पल काढायची,
तिथला राखणदार कोण ते विचारून गाऱ्हाणं घालायचं:
बा म्हाराजा, लेकरू परमुलखात आलंय,
डिझेल पुरू दे, समोरच्याला बुद्धी दे.
नारळ मिळणार नाही. बटाटा ठेव.
देवाला कळतं, आयात महाग असते.

रस्त्यात ते मोठ्या शिंगांचं जनावर आलं
तर हॉर्न नको. काच खाली कर,
“चल गो बाय, घरी जा” असं म्हण.
आपल्या खोताची म्हैस तेवढ्यावर हलायची.
हललं नाही तर मालकाचं नाव विचार.
जनावराला नाही गं. लोकांना.

पोलिसाने थांबवलं तर लायसन आधी दाखवायचं नाही.
आधी विचारायचं, गाव कुठलं?
मग आडनाव, मग आजोळ.
अर्ध्या तासात नातं निघतंच,
नाही निघालं तर सोड्यांची पुडी काढ.
हो, सोडे न्यायचेच. विमानतळावर कुणी विचारलं तर
छातीवर हात ठेवून म्हणायचं, औषध.

आणि शेवटचं, हे माझ्या अधिकारातलं.
फेरीबोटीवर गाडी नेहमी उलटी चढवायची.
रिव्हर्समध्ये, मान मागे, देवाचं नाव पुढे.
इथे रोज साठ गाड्या लावून घेतो मी,
ते नॉर्वेवाले काय वेगळं पाणी वापरतात?

मी? मी कुठला जातोय.
पासपोर्ट आहे माझा. मस्कतला भाऊ होता, तेव्हा काढलेला.
आता त्यात गॅसची पुस्तकं ठेवतो, कडक राहतात.
सर्वांत लांब म्हणशील तर गुहागर–अक्कलकोट.
उठ, बोट लागली.
ए अर्टिगा! डावीकडे! तुझी डावी नव्हे, माझी!

*

सतरा दिवसांनी फोन. मागे वारा आणि पक्षी.
“दत्ताराम काका, मी उलटी चढवली!
मागे चाळीस गाड्या खोळंबल्या,
बोटीवरचा माणूस हात आपटत धावत आला,
कानामागे पेन्सिल, कमरेवर हात,
अगदी तुमच्यासारखा लाल झालेला.”

मग?

“मग मी विचारलं, गाव कुठलं?
तो म्हणाला, ऑ.
वाटलं, ऐकू गेलं नाही. मोठ्याने विचारलं.
परत ऑ.
तिसऱ्यांदा ओरडले तर खिशातून ओळखपत्र काढलं त्याने.
काका, गावाचं नावच ऑ आहे!
एकच अक्षर. डोक्यावर गोल टिंब.
तिथे दोरीवर मासे वाळत घालतात,
वास सेम आपल्या हर्णैचा.
सोडे दिले त्याला. दंड नाही घेतला.
रडला थोडा, पण तो तिखटाने असेल.”

इकडे बोट लागत होती.
दोन डंपर, एक वऱ्हाडाची बस,
आणि कुणीतरी सरळच चढवत होता गाडी, नाकापुढे, बिनधास्त.
दत्तारामाने त्याला अडवलं नाही.
फोन कानाला घट्ट धरून
खाडीपलीकडे बघत राहिला.

“काका? ऐकू येतंय ना?
हॅलो? तुम्ही कुठे आहात?”

“ऑ?”