नैर्ऋत्य

शाळेने मला पाठवलं, कारण मुलींबरोबर एक बाई हवी
आणि पी.टी.च्या मॅडमचं गुडघ्याचं ऑपरेशन.
म्हणून मी. मराठीची. वय त्रेपन्न.
आजवर उघड्यावर झोपले नाही,
गच्चीवरसुद्धा नाही, डासांमुळे.

खंडवा रोडने घाट उतरून चोरलच्या काठी
नववी ब ची एकतीस मुलं, सात तंबू,
पाच किलो सेव (इंदूरची मुलं, दुसरं काय नेणार)
आणि रेमसिंग मुवेल,
जो दिवसातून वीसेक शब्द बोलतो.
त्यातले दहा ‘थांब’ असतात.

पहिला धडा: वाट चुकली तर थांब.
दुसरा: थांबलास तर बस.
तिसरा त्याने शिकवलाच नाही.
बसल्यावर काय ते ज्याचं त्याने.

लाल पेन मी बरोबर नेलं होतं. सवय.
मुलांनी दिवसभरात काय टिपलं
ते बॅटरीच्या कंदिलाखाली तपासायची.
साग. मोह. धावडा. अस्वलाची नखं, बहुतेक.
आणि ओजस पानवलकरच्या वहीत, एका नकाशावर,
‘नैरुत्य’.
गोल केला. शेजारी शुद्ध रूप लिहिलं.
दहा वेळा लिहून आण, असंही लिहिलं,
जंगलात.

ओजस नववीत दुसऱ्यांदा बसलाय.
समास सोडव म्हटलं की त्याला घाम फुटतो.
‘महादेव’ त्याने ‘महा आणि देव’ असा सोडवला होता,
देवाचं स्वतःशीच द्वंद्व लावून दिलं.
पण आमच्या तंबूच्या दोरीला त्याने मारलेली गाठ
रात्रभर वाऱ्याने घट्ट होत गेली
आणि सकाळी दोन बोटांत सुटली.
हिचं नाव काय रे?
“नाव नाही माहीत मॅडम.
इथून जायचं, तिथे वळायचं,
आणि आलो तिथूनच परत.”
मी चहा घेतला. काही बोलले नाही.

तिसऱ्या रात्री रेमसिंगने आम्हाला
नदीपासून बरंच आत नेलं, टॉर्च काढून घेतले,
आणि एका दगडावर बसून तंबाखू मळायला लागला.
म्हणजे आता तुमचं तुम्ही.
आठ मुलं आणि कानटोपीतली मी.
अंधार असा, की हात आहे हे
दुसऱ्या हाताने विचारून घ्यावं.
मृण्मयी रडली. अथर्व मोठ्याने हसला,
ते रडण्याहून वाईट वाटलं.
“बसा,” ओजस म्हणाला. मीही बसले. पानं ओली होती.

मग त्याने शर्मिष्ठा शोधली, वाकडी, मावळतीकडे कललेली.
तिथून सरकत खाली आला
आणि हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली.
“आपल्याकडे ध्रुव दोन मुठींवर असतो मॅडम.
थोडा जास्त.”
हे मी त्याला शिकवलं नव्हतं.
हे त्याला कोणी शिकवलं, मी विचारायला हवं होतं.
“आता पाठीला दक्षिण. डाव्या हाताला पश्चिम.
त्या दोघांच्या मधे तंबू.”
आणि त्याने मागे न बघता बोट केलं,
चुलीवर दूध उतू जातंय
हे सांगणाऱ्या माणसासारखं, सहज.

पाऊण तास चाललो. दोनदा काट्यात शिरलो,
एकदा ओढ्यात. माझी एक चप्पल
(बूट आणा असं पत्रकात होतं, मीच ते वाचून दाखवलं होतं)
तिथेच राहिली.
मग झाडांतून कंदील दिसला
आणि रेमसिंग, आमच्या आधी पोचलेला,
उरलेले शब्द न वापरता बसलेला.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षा.
प्रश्न चौथा, पाहिलेल्या ठिकाणाचं वर्णन करा.
ओजसने दीड पान लिहिलं, एरवी चार ओळी.
त्यात तो ओढा होता, माझी चप्पल होती,
आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा, ठणठणीत, ‘नैरुत्य’.

पेन हातात धरून बराच वेळ बसले.
खाली गाड्या हॉर्न देत होत्या,
खिडकीत एकही तारा नव्हता.
अर्धा गुण कापला. कापायचाच असतो.
आणि समासात लिहिलं:
दिशा बरोबर.