कूलर बंद करून

रेकॉर्डिंग म्हणजे आधी कूलर बंद करणं.
मे महिना, दुपारचे अडीच, इंदोऱ्यातली वरची खोली,
खिडकीला गादी, दाराला दोन चादरी.
नाझनीन ओढणीनं मान पुसते, म्हणते,
"एकच टेक देईन बाप्पा, मंग मरीन."
चार देते.
तिसरा चांगला होता,
पण त्यात खालच्या गल्लीतला भंगारवाला आला,
नेमका समेवर.

कॉलेज धंतोलीत, दातांच्या दवाखान्यावर.
कॉम्प्रेसरचा धडा चालू असताना
खालून ड्रिल ऐकू येतं, आणि कुणाचं तरी हं हं.
उमरेडकर सर म्हणाले, पहिलं सहामाही
कोणी चाल लावायची नाही. नुसतं ऐकायचं.
हे सांगायला एवढी फी?
बाबांच्या हिशेबात
एका सहामाहीला एकशेतीस मोटारी.
एकेक उघडायची, जळकी तार खरवडायची, नवी गुंडाळायची.

मामा विचारतो, "मंग लग्नात वाजवशीन का डीजेत?"
मी सांगते, संगीत निर्मिती.
तो म्हणतो, "हाव, पण वाजवशीन कुठी?"

पहिली कमाई नऊ सेकंदांची.
एका शिकवणी वर्गाची जाहिरात, दीड हजार रुपये.
तीन रात्री बसून खाली गोल, मऊ बेस भरला होता.
कमाल चौकात ई-रिक्षाच्या भोंग्यातून ती गेली माझ्या अंगावरून,
बेस नाही, तबला नाही,
नुसती पत्र्यासारखी "प्रवेश सुरू".
मी तरी मागे वळून पाहिलं.
पाणीपुरीवाल्यानंही पाहिलं, पण रिक्षा अडकली म्हणून.

सर म्हणाले, ऐंशीच्या खालचं सगळं कापा, तिथे फक्त घाण असते.
पडद्यावर बघितलं तर पन्नासवर एक सरळ उभी रेघ,
विजेची, म्हणजे आमच्या कूलरची.
बंद केला तरी शेजारच्यांचा होताच.
पेटीवर लावून पाहिली:
पांढरी पाच, किंचित चढी.
तेव्हा कळलं, मी आजवर
जी जी चाल गुणगुणत जिना चढले
ती सगळी पांढरी पाचवरच का बसायची.
कापली रेघ.
गाणं कुणा दुसऱ्याच्या घरात रेकॉर्ड केल्यासारखं वाटायला लागलं.

बाबांना ऐकवायचं नव्हतं.
ते आपणहून वर आले, हात ग्रीसचे,
म्हणून हेडफोन मीच लावून दिला.
मोटारीला पेचकस टेकवून मूठ कानाला लावतात ना,
तसेच डोळे मिटले.
संपल्यावर म्हणाले,
"पोरगी एकटीच गाऊन रायली. बासरी म्हणत होती ना तू?"

बासरी होती.
पूर्ण उजवीकडे ठेवली होती मी, लांब, झाडामागे असल्यासारखी,
आणि फार खूष होते त्या जागेवर.
बाबांचा उजवा कान ग्राइंडरनं कधी नेला
ते घरात कुणी तारीख धरून सांगू शकत नाही.
आम्ही फक्त डावीकडे बसायला शिकलो,
जेवताना, स्कूटरवर मानेशी वाकताना.
ऐकायला शिकते म्हणून मी रोज बसनं धंतोलीला जाते.

रात्री बासरी मध्ये ओढली.
गळ्यावर चढली. गळा खाली घेतला, तर पेटी बोचायला लागली.
पहाटे साडेतीनला जे उरलं ते
गर्दीचं, सपाट, एका रांगेतलं.
सर दोन गुण कापतील. कापू देत, असंही नाही,
मला ते दोन गुण हवे आहेत.
दोन फाइली केल्या. दुसरीचं नाव "बाबा".

सकाळी ते म्हणाले, "हेडफोन नको. कूलर लाव,
त्याच्यावरून आयकू आलं तं खरं."
लावला. पाणी खसवर उतरलं, मोटार धरली,
आणि तिच्यावरून बासरी आली, बारीक, पण आली.
बाबा मान वाकडी करून उभे.
मग म्हणाले,
"काही तरी घासते."

कूलरबद्दल, की गाण्याबद्दल,
ते विचारायच्या आत पेचकस आणायला खाली गेले.
मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं.