रांजणातली आणि ढोलीतली

म्बेयू मावशीच्या रांजणात मी गाळणं बुडवते
तेव्हा ती दारातूनच ओरडते,
"दोन मैल डोक्यावरून आणलंय पाणी. सांडलंस तर बघ!"
सावली पडली की अळ्या तळाला पळतात,
मास्तर दिसल्यावर पोरं पळावीत तशा.
मी थांबते. श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्यांना.

मावशीच्या परसातून कायाच्या देवराईपर्यंत
तीनशे वीस पावलं, मोजलीत मी.
तिथे वडीलधाऱ्यांना विचारून, चपला काढून,
एका जुन्या झाडाच्या ढोलीतलं
चहाच्या रंगाचं पाणी पिचकारीने ओढते.
त्यातही त्याच. नाव एक, जात एक,
फक्त रानातली काळीकुट्ट,
आणि घरातलीच्या पोटाच्या पहिल्या कड्यावर
पांढऱ्या खवल्यांची चिमूट,
चुलीपाशी वावरताना पीठ सांडावं तशी.

किलिफीच्या प्रयोगशाळेत दोघींना एकच जेवण:
कोमट रक्त, त्यात मोजून कालवलेला झिका,
वर डुकराच्या आतड्याचा ताणलेला पापुद्रा.
चौदा दिवस.
मग मी त्यांचे पाय खुडते,
सोंड काचेच्या नळीत सरकवते
आणि थुंकीचा एक थेंब मागते,
जो डोळ्यांना दिसतही नाही.

घरातल्या चाळीसपैकी एकोणतीस.
रानातल्या चाळीसपैकी चार.

बाकी छत्तीसजणींच्या पोटातच अडला विषाणू,
आतड्याची भिंत ओलांडू शकला नाही.
का, ते डॉक्टर चेरोप पडद्यावर दाखवतात:
दुसऱ्या गुणसूत्राचा एक लांबलचक पट्टा,
गावाचा नकाशा मिळावा
आणि घर सापडू नये, तसा.
"एकटं जनुक नाही हे," त्या म्हणतात, "अख्खी भावकी आहे."

मावशीला सांगितलं. ती नारळ खवता खवता थांबली.
"म्हणजे आपल्यात राहायला आली आणि बिघडली?"
"बिघडली कुठे? तिला तर तापही येत नाही.
ती फक्त अडवत नाही."
"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली,
आणि पुन्हा खवायला लागली.

मला करीसा आठवला.
आईकडचा एक दोष, बापाकडचा एक,
दोन्ही त्याच्याच वाट्याला आले.
रक्तपेशी विळ्यासारख्या वाकल्या त्याच्या,
नवव्या वर्षी गेला.
मला एकच मिळाला.
वस्तीतली दोन पोरं हिवतापाने गेली त्या वर्षी
मी अंगणात चिंचोके खेळत होते.
हे मला कळलं चोविसाव्या वर्षी,
कॉलेजच्या फळ्यावर, भर दुपारी,
आणि पुढच्या तासाला मी बसले नाही.

अडवणारं काहीतरी माझ्यातही आहे.
मी ते कमावलेलं नाही.

राहिल्या त्या चौघी. रानातल्या, काळ्याकुट्ट.
अहवालात त्या दहा टक्के होतील.
पण त्यांच्या नळ्या मी वेगळ्या ठेवल्यात, फेकवत नाहीत.
तीनशे वीस पावलं
पंखांना काही फार नाहीत.
कुणाची आजी कुणाच्या रांजणात जन्मली,
कोण सांगणार?

संध्याकाळी मावशीने रांजणाच्या तोंडाला
जुना लेसो ताणून बांधला.
"आता ये म्हणावं."
त्याच्या काठावर छापलेली म्हण
गाठीत गेलीय,
अर्धीच वाचता येते.