फेटल

कोशात तो कोपऱ्यात सापडला,
'बोलीतला' असा शिक्का मारलेला.
अर्थ: नीट करणे, सज्ज करणे, कडा काढणे.

कडा नव्हे, शिवण,
मेव्हिस टनिक्लिफ म्हणाली.
साच्याचे दोन अर्धे जिथं भेटतात
तिथं कपाच्या अंगावर बारीक रेघ उठते.
माती तेव्हा ओली नसते, वाळलेलीही नसते.
तेवढ्या वेळात सुरी फिरवायची,
मग ओला स्पंज.
कप कधीकाळी दोन तुकडे होता
हे सांगूनही कुणाला पटू नये.
याला म्हणायचं फेटल करणं.

लाँग्टनच्या कारखान्यात
एकेचाळीस वर्षं तिनं हेच केलं.
कानाच्या आतली रेघ लबाड असते, म्हणायची,
ती डोळ्याला दिसत नाही,
बोटालाच कळते.

मी तिच्या माडीवर भाड्यानं राहायचो,
रात्री शब्दांची मुळं उकरत.
एकदा जिन्यातूनच ओरडून सांगितलं तिला:
तुझा शब्द हजार वर्षांपूर्वी पट्टा होता,
कमरेचा.
पट्टा आवळला की माणूस तयार.
म्हणून आधी तयार होणं, मग तयार करणं,
मग घासणं, पुसणं, डागडुजी.
आमच्या भाषेतही कंबर कसतात, मी म्हटलं,
पण ती नुसती कसलेलीच राहिली,
पुढं तिनं कधी भांडी घासली नाहीत.
खालून मेव्हिस म्हणाली,
मग काय उपयोग तिचा?

तिचा भाऊ विल्फ क्वीन्सलंडला गेला,
रुळांखाली खडी भरायचा.
तिथं त्यालाही फेटलरच म्हणत.
नाताळच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं:
तुझी सुरी, माझी पहार, हुद्दा एकच.
पत्र अजून फडताळात आहे,
एका बिनकानाच्या कपात.

बाकी देशात हा शब्द आता
एका ठरीव वाक्यापुरता उरलाय,
कुणाची प्रकृती ठणठणीत आहे हे सांगताना,
क्रियापदाचं नाम होऊन,
पेन्शनीत निघाल्यासारखा.
मेव्हिसनं स्वतःबद्दल तो कधी वापरला नाही.
पांढरी धूळ तिच्या छातीत बसलेली.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला,
तर ती म्हणाली,
केवढ्या रेघा ठेवल्यात कुणी आत.

फेब्रुवारीत गाडी आली न्यायला.
ती दारात कोट घालून उभी,
बोटं गारठलेली, ऐकेनात.
जरा फेटल कर हे, म्हणाली,
आणि पोटाशी लोंबणारा पट्टा
माझ्या हातात दिला.
दोघांच्याही लक्षात आलं बहुतेक.
बोललं कुणी नाही.

मी बांधला. गाठ वाकडी बसली.
तिनं ती सोडली,
धापा टाकत पुन्हा बांधायला घेतली,
आणि गाडीवाल्याला हातानंच सांगितलं,
थांब.